आमच्या घरी कोणी परदेशी नाही

माझ्या नवऱ्याला फॉर्म भरताना नको तेवढा प्रामाणिकपणा सुचतो. भारताच्या व्हिसाच्या फॉर्ममध्ये विचारलं होतं, कशासाठी येताय? त्याने विचार केला: नोकरीला नाही, शिकायला नाही, धंद्याला नाही, मग उरलं काय? पर्यटन. आणि माझ्याशी लग्न करून इथेच राहायला निघालेला हा गृहस्थ पर्यटक म्हणून हैदराबादेत उतरला.

तो मॉरिशसचा मराठी. पणजोबा कधीकाळी कोकणातून तिकडे उसाच्या मळ्यावर गेले, ते तिकडचेच झाले. हा इथे हैदराबादेत तारनाक्याच्या विद्यापीठात शिकायला आला, तिथे आमचं जमलं. शिक्षण संपवून तो परत गेला आणि मी आईपुढे विषय काढला. बाबा गेल्यापासून अंबरपेठेतल्या आमच्या घरात आईचाच शब्द चाले. त्याचं नाव तिने वर्षभर तोंडात घेतलं नाही. 'तो परदेशी' एवढंच म्हणायची, आणि तेही पालीकडे बघून म्हणावं तसं.

शेवटी कसंबसं लग्न झालं. तो कोकणी वळणाच्या जुनाट मराठीत तिला 'आई' म्हणाला, तिच्या हातची ज्वारीची भाकरी आणि ठेचा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खात राहिला, आणि आई पुरती विरघळली. मग ती दुसऱ्या टोकाला गेली. 'परदेशी' हा शब्दच तिने घरातून हद्दपार केला. कोपऱ्यावरच्या भाजीवालीने एकदा सहज विचारलं, "अम्मा, फॉरेन दामाद कैसा है?" तर निवडून घेतलेली भेंडी तिथेच टाकून आई घरी आली.

"मी पाळण्यात होते तवा माझं गाव ह्याच हैदराबाद राज्यात होतं," ती मला म्हणाली. "मग कुणी तरी रेघ मारली, गाव महाराष्ट्रात गेलं. लग्न होऊन मी इकडं आले. मी काय परदेशी झाले का?"

ते वर्षही रेघांचंच होतं. आमच्या राज्याचे नुकतेच दोन भाग झाले होते. आमच्या पोलीस ठाण्यावरची पाटी नव्याने रंगवली होती आणि रंगाखालून जुन्या राज्याचं नाव डोकावत होतं.

व्हिसाची मुदत संपत आली तेव्हा आम्ही ती वाढवून मागायला गेलो आणि तिथे कळलं की पर्यटकाचा व्हिसा असा वाढत नसतो. बायको भारतीय असेल तर व्हिसाचा प्रकारच बदलून घ्यायचा, आणि त्यासाठी नवराबायको खरंच एकत्र राहतात की नाही, हे पोलिसांनी घरी येऊन बघायचं. मला दिवस गेले होते, सुरुवातीपासून त्रास होता आणि डॉक्टरांनी विमानाचं नावही काढू नका म्हणून बजावलं होतं. म्हणजे प्रकार बदलला नाही तर हा एकटा समुद्रापलीकडे जाणार आणि मी बाळंतपणात त्याची वाट बघत बसणार. मला दुसरं काही सुचतच नव्हतं.

हवालदार चौकशीला आला तेव्हा आम्ही दोघं दवाखान्यात गेलो होतो. परत आलो तर आई दारातच, लढाई जिंकल्यासारखी.

"पोलीस आलता. इथं कुणी फॉरेनर राहतो का म्हणून विचारायलाय! मी म्हणलं, नक्को बाबा, इधर कोई फॉरेनर-विरेनर नै, सब घर के लोगाँ हैं. शेजारच्या दोघींनाबी बोलावलं. त्याबी तेच म्हणल्या."

आता ह्याला जावं लागणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं. नवरा मात्र हसायला लागला. त्याला अशा वेळी हसू येतं, त्याचा मला आजही राग येतो.

पुढच्या आठवड्यात ठाण्यातल्या साहेबांनी हवालदाराचा अहवाल आम्हाला वाचून दाखवला. पत्त्यावर कोणीही परदेशी राहत नाही. माणूस भला होता, पण त्याचंही चित्त थाऱ्यावर नव्हतं. दोन राज्यांत कर्मचाऱ्यांची वाटणी चालली होती. "मॅडम, मैं इधर का कि उधर का, मेरेकूच नै मालूम," तो म्हणाला. "और एक बार आदमी भेजता. फिर भी ऐसाच लिखके आया तो इनकू बाहर जाना पड़ता. बाहर जाके, नया व्हिसा लेके, फिर आना."

घरी येऊन मी आईला सगळं समजावलं. या वेळी सांगायचं, हो, परदेशी आहे.

"माझ्या तोंडातून नाही निघायचं ते," आई म्हणाली.

"आणि त्यामुळे त्यांना जावं लागलं तर?"

ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि उगाचच भांडी घासत बसली.

हवालदार पुन्हा आला तो नेमका धोंड्याच्या जेवणाला. अधिक महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, ही आमच्या मराठवाड्याकडची रीत. पण घरातच राहणाऱ्या जावयाला बोलावणार कुठून? म्हणून आईने त्याला सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत पाठवून, हाक मारून परत बोलावलं होतं. तो नव्या धोतरात पाटावर बसला होता, ओवाळून झालं होतं, आई धोंड्यांवर तूप वाढत होती.

"अम्मा," हवालदार दारातूनच म्हणाला, "पिछली बार तुम बोले, फॉरेनर नै बोलके. अब सोचके बोलो. है क्या नै?"

आईने तुपाची वाटी खाली ठेवली. पाटावरच्या जावयाकडे एकदा बघितलं.

"है," ती म्हणाली. "परदेसी है. मॉरिशस का. मेरी बेटी का आदमी है, इधरीच रहता, मेरे घर में. लिखो."

त्याने लिहिलं. आईने खाली सही केली. मग बिचाऱ्यालाही बसवून धोंडे वाढले आणि तो खूश होऊन गेला. त्याच कागदावर पुढे व्हिसा बदलला, आणि आमची मुलगी झाली तेव्हा नर्सने तिला पहिल्यांदा दिलं ते तिच्या बापाच्या हातात.

पण त्या दुपारी हवालदाराची पाठ वळली आणि आई पदर तोंडाला लावून रडायलाच लागली. नवरा पाटावरून उठला. "आई, खरं तेच तर सांगितलंत," तो म्हणाला.

"खरं असू द्या," आई म्हणाली. "ताटावर बसलेल्या माणसाला म्हणलं मी."

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले आणि विझलेलं निरांजन पुन्हा लावलं.

"जावईबापू, बाहेर जा आणि परत या."

तो मुकाट्याने चपला घालून, गळ्यापर्यंत जेवलेला, भर उन्हात गल्लीच्या टोकाशी जाऊन उभा राहिला. आईने दारातून हाक मारली. सकाळपेक्षा मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. तो आला तेव्हा तिने त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवलं आणि सकाळी केलं नव्हतं ते केलं. लांबून आलेल्या आपल्या माणसावरून ओवाळतात तसा भाकरतुकडा त्याच्यावरून ओवाळून टाकला, आणि मग त्याला आत घेतलं.