अभ्यासिकेचा पडदा

नेस्टा प्रॉबर्टने जन्मभर गावच्या चॅपलच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, पाळकाचं घर सांभाळलं. चॅपलच्या अंगणाला लागून असलेलं ते घर, पाटीच्या दगडाचं छप्पर, हातभर जाड भिंती, आणि माडीवरच्या अभ्यासिकेची खिडकी नेमकी चॅपलच्या दारासमोर. बांधणारा लबाडच असणार. उशिरा कोण येतं ते पाळकाला बसल्या जागी दिसावं!

दर शनिवारी दुपारी पाळकसाहेब टेगिद हॉवेल वर येरझारा घालत उद्याचं प्रवचन घोकायचे. खिडकी ते भिंतीतली शेकोटी, शेकोटी ते खिडकी. त्या वाटेवर जमिनीच्या लाकडी फळ्यांना खळगा पडला होता. खाली स्वयंपाकघरात नेस्टा रविवारचे बटाटे सोलून ठेवायची, कारण रविवार देवाचा, त्या दिवशी सुरीला हात लावायचा नसे. उद्या देवाची माया आहे की गावाची खरडपट्टी, हे तिला पावलांवरूनच कळायचं. तिचा त्यांच्यावर जीव होता. हे तिने कुणाला सांगितलं नाही, त्यांना तर नाहीच.

ते वारले तेव्हा रिवाजाप्रमाणे तिने घरातले सगळे पडदे ओढले. माती देऊन माणसं परतली की ते उघडायचे. चहापाण्याच्या गडबडीत अभ्यासिकेचा पडदा उघडायचा राहून गेला. पुढच्या शनिवारी ती बटाटे सोलत असताना वर फळी करकरली. खिडकी ते शेकोटी. नेस्टाच्या अंगावर सरसरून काटा आला, आणि मागोमाग डोळे भरून आले. पडदा उघडलाच नाही, मग साहेब जाणार कसे?

त्यानंतर तो पडदा तिने मुद्दामच उघडला नाही. नवा पाळक आला नाही, चॅपलला कुलूप लागलं, पण शनिवारची पावलं कधी चुकली नाहीत.

मग एका बुधवारी चॅपलचा म्हातारा पंच इस्लविन दारात येऊन उभा राहिला.

"घर विकलं गं, नेस्टा. सोमवारी नवी माणसं येतील. तो वरचा पडदा आता तरी उघड बाई. लोक म्हणतात, तू साहेबांना वर डांबून ठेवलंयस."

"डांबायचं तर तुला डांबलं असतं. प्रवचनात घोरायचास म्हणून."

इस्लविन हसला. मग टोपी हातात घेऊन हळूच म्हणाला, "जाऊ दे गं त्यांना. थकले असतील."

हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं. रिकाम्या चॅपलसाठी एक मेलेला माणूस दर शनिवारी प्रवचन घोकतोय, आणि ते आपल्याला ऐकायला हवं म्हणून! तिला स्वतःची लाज वाटली. तशीच ती वर गेली आणि तिने पडदा सारला. समोर चॅपलचं कुलूपबंद दार दिसलं. जन्मभर 'साहेब' म्हणणारी नेस्टा म्हणाली, "जा आता, टेगिद."

शनिवारी ती बटाटे घेऊन बसली. वर काही वाजलं नाही. एक बटाटा झाला, दुसरा झाला. ती शांतता तिला सोसवेना. अर्धा सोललेला बटाटा तसाच टाकून ती जिना चढली आणि तिने त्या खळग्यात पाऊल ठेवलं. पाऊल बरोबर बसलं. ती चालू लागली.

थोड्या वेळाने खाली दार वाजलं. इस्लविन किल्ल्या न्यायला आला होता. वरची पावलं ऐकून तो स्वयंपाकघरात थबकल्याचं तिला कळलं.

"साहेब?" खालून त्याचा कापरा आवाज आला. "साहेब, आमची नेस्टा कुठंय?"

नेस्टाला ओ द्यायची होती. पण पावलं थांबेनात, शेकोटी अजून चार पावलं लांब होती.