मैनाबाईंच्या नावाचं पान

प्रिय नील आणि जुई,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तू कधी भूत पाहिलंस का?" मी विषय बदलला, कारण ही गोष्ट फोनवर सांगण्याजोगी नाही. ती ठाऊक असलेली आता मी एकटीच उरले आहे, म्हणून लिहून ठेवते.

चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. तुमचे आजोबा जंगलखात्यात होते. शेजारच्या क्वार्टरमध्ये मैनाबाई राहत. त्यांचे यजमानही त्याच खात्यात. पहिल्याच भेटीत मी त्यांना वय विचारलं. तांदूळ निवडता निवडता त्या म्हणाल्या, "मेली तेव्हा पंधराची होती. त्याच्या पुढं मोजलं नाई."

मला ती थट्टा वाटली. पण मार्कंड्याजवळच्या आपल्या गावातून मैनाबाई पंधराव्या वर्षी नाटक कंपनीबरोबर पळाल्या होत्या. शोधायला गेलेल्या बापाने परत येऊन सांगितलं, पोरगी परगावी पटकीने मेली. त्याने तिचे दिवसही घातले. आईने ते खरं मानलं. पुढे मैनाबाई सिनेमात गेल्या, आणि लग्न झाल्यावर त्यांनी तोही सोडला. बाजाराला निघताना मी घाई केली की सावकाश चपला शोधत म्हणत, "मेलेल्या बाईले कायची घाई, बाई?" दिवेलागणीला हे वाक्य ऐकलं की मला नकोसं होई.

बऱ्याच वर्षांनी मुंबईच्या एका कंपनीने त्यांना पुन्हा बोलावलं. सिनेमा हलकाफुलका, घरगुती होता. त्यात मैनाबाई विसरभोळ्या आई झाल्या होत्या. जेवून उठलेल्या पाहुण्याला पुन्हा पाटावर बसवणाऱ्या. लोकांना त्या फार आवडल्या. मग कळलं, मार्कंड्याच्या जत्रेत तंबूत तोच सिनेमा लागणार. बाप केव्हाच गेला होता. आई मात्र दरवर्षी जत्रेला येई.

"आधी तिले मले हासताना पाहू दे," मैनाबाई म्हणाल्या. "पडद्यावर पाह्यलं का समजन, पोरगी जिती आहे. मंग बोलीन. एकदम समोर गेली तं म्हातारीची छातीच बसन."

मैनाबाईंनी लांबून दाखवलेल्या म्हातारीला घाटावरून तंबूत मी आणलं. तिच्या एका बाजूला मी बसले, दुसऱ्या बाजूला डोक्यावरून पदर ओढून मैनाबाई.

त्या तंबूत पडदा मधोमध होता. पुरुष पुढून बघत, बायका मागून. मागून चित्रातलं डावं-उजवं सगळं उलटं दिसे. मैनाबाईंनी हा सिनेमा शहरातच पाहिलेला, त्यामुळे हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. पडद्यावरच्या मैनाबाई उलट्या खांद्यावर पदर घेऊन आल्या आणि हसत हसत डाव्या हाताने भात वाढू लागल्या. सगळा तंबू हसत होता. म्हातारी हसली नाही. तिने पदराआडच्या मैनाबाईंचा हात घट्ट धरला.

"माझी मैना व्हय ते," ती म्हणाली. "पदर पाह्य कसा उलटा. डाव्या हातानं वाढून राह्यली. मेलेल्याचं सारं उलटंच असते, बाई."

मैनाबाईंनी तोंड उघडलं.

"पर हासून राह्यली," म्हातारी म्हणाली. "मले वाटे, कुठी तडफडत असन. नाई. सुखात आहे माझी लेक." तिच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की मैनाबाईंनी तोंड मिटलं. थोड्या वेळाने म्हातारीने विचारलं, "तू कोनाची व?"

"चांद्याची आहो, मावशी."

"सवाष्ण आहेस ना? माझ्या मैनेच्या नावानं पितरात जेवाले येशील? पळालेल्या पोरीच्या पानावर गावातली एक बाई बसत नाई."

मैनाबाई जेवायला गेल्या. दर पितृपक्षात अविधवा नवमीला म्हातारी घरच्या गेलेल्या बायकांबरोबर कुवार लेकीचंही पान वाढे, आणि त्या आपल्याच नावाच्या पानावर बसत. एकदा मीही बरोबर होते. म्हातारीने पानाभोवती पाणी फिरवलं आणि रिकाम्या दाराकडे बघत म्हणाली, "मैना, ये, जेव." पाटावर बसलेल्या मैनाबाईंनी हळूच "हो" म्हटलं आणि पहिला घास घेतला. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला.

परतताना मी म्हटलं, "एकदा सांगून टाका ना."

"काय सांगू तिले? तुझी सुखातली लेक खोटी व्हय म्हणू?" त्या म्हणाल्या. "पोटभर जेवाले भेटते मायच्या हातचं. जित्या पोरीले तरी आनखी काय भेटते, बाई?"

शेवटच्या वर्षी म्हातारीला उठवत नव्हतं. अंथरुणातूनच तिने सुनेला सांगितलं, "तिच्या भातावर तेल जास्त घाल. तिले लहानपनापासून लागते." कोणाला, ते तिने सांगितलं नाही. मैनाबाईंनीही विचारलं नाही.

म्हातारी गेली, पुढे मैनाबाईही गेल्या. त्या सिनेमाची प्रत कुठे उरली नाही म्हणतात. त्या गावात मात्र मैनाबाईंची भाचसून नवमीला एक पान वाढते, आणि त्यावर जेवायला आता गावातल्या बाया येतात.