दोन हजार डॉलरचा केक

बावीस वर्षं मी प्लम होलोच्या लिलावघरात डेल्मर कुबिचेकच्या डाव्या हाताला बसले. तो बोली पुकारायचा आणि मी लिहून घ्यायचे, दर गुरुवारी सकाळी नऊपासून शेवटचं वासरू रिंगणातून बाहेर जाईपर्यंत. एवढ्या वर्षांत त्याची जीभ अडखळलेली मी एकदाच पाहिली. त्या दिवशी रिंगणात जनावर नव्हतं, केक होता.

डेल्मर दिसायला काही विशेष नव्हता. बुटका, मान आखूड, कान मोठे. एकोणिसाव्या वर्षी मिसूरीत जाऊन दोन आठवड्यांत पुकारायचं शिकून आला, आणि सराव म्हणून ट्रॅक्टरवर बसून दिसेल त्या कुंपणाच्या खांबाचा लिलाव पुकारायचा. बापाला वाटलं, पोरगं कामातून गेलं. पुढे आयोवाच्या आमच्या भागात त्याच्याइतका भरवशाचा पुकारणारा उरला नाही. कोण टोपीला हात लावून बोली देतो, कोण कानाची पाळी ओढतो, सगळं त्याला पाठ. म्हातारा ओटो तर नुसता तंबाखू चघळायचा थांबायचा. तीच त्याची बोली.

खोटी बोली मात्र त्यानं कधी चालू दिली नाही. एकदा एका शेतकऱ्याचा मेहुणा मागच्या बाकावरून घरच्याच गाईंचा भाव चढवत होता. डेल्मरनं मध्येच हातोडा खाली ठेवला आणि माइकवरून सांगितलं, "गाई परत ट्रकमध्ये घाला. आज यांची विक्री नाही. आणि मेहुण्यालाही घाला."

थिया बर्नहम आमच्याकडे आली ती ऑगस्टात. आयोवातल्या माणसाला राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार नवे नाहीत. पक्षाचा उमेदवार ठरवायचा पहिला कौल आमचा, म्हणून दर चार वर्षांनी ते येतात, हात मिळवतात, उकडलेलं कणीस खाऊन पुढे जातात. थिया मोंटानातल्या एका लहान शहराची माजी महापौर, पेशानं गुरांची डॉक्टर. नऊ उमेदवारांत नववी. वाचनालयात तिची सभा झाली तेव्हा सात माणसं होती, त्यातली दोन एसीसाठी आली होती.

त्या गुरुवारी ती लिलावघरात आली आणि मागच्या बाकावर गुपचूप बसली. एक लंगडी गाय रिंगणात आली. कुणी बोली देईना.

"तिच्या मागच्या उजव्या खुरात गळू आहे," मागून आवाज आला. "कापलंत तर आठवड्यात धावेल. कसायाला देऊ नका."

गाय कसायाच्या भावापेक्षा ऐंशी डॉलर जास्तीला गेली. डेल्मरनं माइकवरूनच विचारलं, "बाई, तुम्ही कोण?"

"राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेय."

"असं होय. मग बसा, पुढची गाय बघा."

सगळं लिलावघर हसलं, तीही हसली. त्या दुपारी डेल्मरनं तिला घरी जेवायला नेलं, आणि त्याची बायको आर्डिथ तिच्यावर फिदा झाली. आर्डिथनं आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलेलं. माणूस ताटातलं कसं खातो यावरून ती त्याला जोखायची. थियानं दुसऱ्यांदा बटाटे वाढून घेतले आणि आपली बशी आपण धुतली. झालं. महिनाभरात आम्ही तिघं तिच्यासाठी दारोदार फिरू लागलो.

पण तिची गाडी पैशापाशी अडली होती. तिचा प्रचारप्रमुख हॉलिस एकदा आर्डिथच्या टेबलाशी कपाळ धरून बसला. "तीस सप्टेंबरपर्यंतच्या सगळ्यांच्या देणग्यांचे आकडे छापून येतात," तो म्हणाला. "आपला आकडा बघून टीव्हीवाले वादसभेच्या मंचावरून आपली खुर्चीच काढतील. पंचवीस हजार तरी हवेत."

"दिवसातले सहा तास मी फोनवर भीक मागते, आर्डिथ," थिया म्हणाली. "गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घातलाय मी. पण एवढं घाण कधी वाटलं नव्हतं."

"केकचा लिलाव करू," आर्डिथ म्हणाली. "शाळेच्या बँडसाठी करतो तसा."

"बँडला साडेसहाशे मिळाले होते," डेल्मरनं आठवण करून दिली.

"बँडपेक्षा ही बरी वाजते. तू पुकार म्हणजे झालं."

सप्टेंबरातल्या शेवटच्या रविवारी, चर्च सुटल्यावर, लिलावघराच्या रिंगणातच लिलाव ठरला. अठ्ठावीस केक आले. त्या काळच्या नियमाप्रमाणे एका माणसाला एका उमेदवाराला दोन हजारांच्या वर देता येत नव्हतं, आणि प्रत्येक देणाऱ्याकडून नाव, पत्ता, कामधंदा लिहून घ्यायचा होता. ते माझं काम.

पहिले चार केक पस्तीस, चाळीस, पंच्याहत्तर, नव्वद असे गेले. नव्वद दिले नॉरिस ब्रँटनं. नॉरिस आमच्या भागातला सगळ्यात मोठा गुरं खरेदी करणारा. तीस वर्षं दर गुरुवारी तो आणि डेल्मर एकाच टेबलावर जेवायचे. डेल्मरच्या आईच्या शवपेटीला त्यानं खांदा दिला होता. तो उघडउघड दुसऱ्या उमेदवाराचा, सिनेटर गॅरिकचा माणूस, त्यामुळे लोकांनी त्याला टोमणे मारले. "नॉरिस, तंबू चुकलास काय?"

"केकला उमेदवार नसतो रे," तो म्हणाला, आणि कॉफीचा कप घेऊन तिसऱ्या बाकावर बसला.

पाचवा केक आर्डिथचा, अक्रोडाचा. बोली साठावर आली होती. तेवढ्यात दाराजवळचा एक अनोळखी माणूस म्हणाला, "दोन हजार."

डेल्मरचं तोंड उघडं राहिलं. आवाजच फुटेना. मग माइकवर नुसतं, "कि... किती?"

"दोन हजार."

एकवार, दोनवार, तीनवार. पुढच्या केकला हिरव्या कोटातल्या एका बाईनं दोन हजार दिले. मग एका टक्कलवाल्यानं. आर्डिथनं दोन्ही हात तोंडावर धरले. ओटोचं चघळणं थांबलं, आणि डेल्मर चुकून त्याचीच बोली धरणार होता. थिया गवताच्या पेंढीवर बसून होती. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. तेरा केक दोन-दोन हजारांना गेले. लोक टाळ्या वाजवत होते, काही रडत होते, आणि मीही त्यातलीच.

सगळे पांगल्यावर डेल्मर माझ्याकडे आला. "त्या लोकांनी केक नेले का?"

मी टेबलाकडे पाहिलं. तेरांतले नऊ तिथंच होते. अक्रोडाचाही.

"दोन हजारांचा केक विसरून कोण जातं?" तो हळूच म्हणाला.

सोमवारी सकाळी तो माझ्या घरी आला. तेरा फॉर्म आम्ही टेबलावर पसरले. तेराही पत्ते राज्याच्या राजधानीतल्या एकाच भागातले. निम्मे वकील, बाकीचे त्यांच्या बायका नाहीतर भागीदार. डेल्मरनं एकेक फॉर्म उलटून पाहिला. मग म्हणाला, "नॉरिस कप उचलायचा."

"म्हणजे?"

"दर वेळी. तो कप उचलायचा आणि मग बोली यायची. तेरा वेळा उचलला, पण एक घोट घेतला नाही. मी तिथं उभा राहून पाहत होतो, लव्हॉन. माझा माझ्याच डोळ्यांवर विश्वास बसला नाही."

आम्ही तसेच त्याच्या पिकअपमधून नॉरिसच्या गोठ्यावर गेलो. मी गाडीतच बसले, काच खाली होती. डेल्मरनं नमस्कारसुद्धा केला नाही.

"ती माणसं तू आणलीस?"

नॉरिसनं लपवलं नाही, हेच मला जास्त लागलं. "आणली. त्यात बेकायदा काय आहे? त्यांचे पैसे, त्यांची नावं. फॉर्मही भरून दिलेत."

"पण तू तर गॅरिकचा."

"म्हणूनच तर! गव्हर्नर डिल्वर्थ आमच्या पुढं आहे, आणि त्याची सगळी मतं शेतकऱ्यांची. तुझी डॉक्टरीण त्याच ताटात जेवते. ती बसली तर ती मतं त्याला जातात. आम्हाला ती जिंकायला नकोय, नुसती जिवंत हवीय."

"माझ्या रिंगणात, नॉरिस?"

"तुझ्याच रिंगणात. तुझ्या लिलावावर कोण शंका घेणार?" आणि तो हसला, दर गुरुवारी जेवताना हसायचा तसाच. "अरे, तिला पैसे हवे होते, मिळाले. कुणाचं काय बिघडलं?"

डेल्मर परत आला तेव्हा त्याला गाडीच्या दाराची कडी सापडेना. दार समोर होतं आणि तो पत्र्यावर हात फिरवत होता. मी खाली उतरून त्याला बसवलं आणि गाडी मी चालवली.

थियाचं कार्यालय बंद पडलेल्या एका लाँड्रीत होतं. डेल्मरनं उभ्यानंच सगळं सांगितलं. तिनं हातातला फोन खाली ठेवला. मग म्हणाली, "मला काल संध्याकाळीच कळलं. हॉलिसनं तीन नावं ओळखली."

"बरं झालं," डेल्मर सुटकेचा निःश्वास टाकून म्हणाला. "मग परत कधी पाठवताय?"

"परत नाही पाठवत, डेल्मर."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. डेल्मरनं तर तिला पुन्हा विचारलं, आणि ती पुन्हा तेच म्हणाली.

"आज परत केले तर तीस तारखेला माझं दुकान बंद. पैसे त्यांचे असतील, पण मंचावर तोंड माझं असेल ना? आई मेलेल्या वासराला आपण मिळेल त्या गाईचं दूध पाजतो. ती गाय कसायाची आहे म्हणून उपाशी ठेवतो का?"

"कसायाची गाय असेल तर वासरूही कसायाकडेच जातं, डॉक्टरबाई."

तिचे डोळे भरून आले, पण तिनं मान खाली घातली नाही. "मला अजून चार महिने हवेत," ती म्हणाली. "तुम्हाला यापुढं नाही जमलं तर मी समजेन."

मला वाटलं, आता हा तिला सोडणार. पण आर्डिथनं घरी बजावलं, "खोटं त्या लोकांनी केलं, तिनं नाही. एका बाईला नऊ पुरुष मंचावरून ढकलतायत आणि तू तत्त्व घेऊन बसलास!" नऊ नव्हते, आठच होते, पण आर्डिथपुढं कोण मोजतं.  वादसभा डेल्मरनं टीव्हीसमोर उभं राहून पाहिली. थिया खेड्यातल्या बंद पडणाऱ्या दवाखान्यांवर बोलली, आणि तिच्यासारखं त्या रात्री कुणी बोललं नाही. "बरं बोलते," तो म्हणाला आणि निजायला गेला. नॉरिसबरोबर मात्र तो पुन्हा जेवला नाही.

जानेवारीत कौलाची संध्याकाळ आली. शाळेच्या व्यायामशाळेत एकशे अठरा माणसं जमली. आमच्याकडे मतपेटी नसते. ज्याचा जो उमेदवार, त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. ज्या कोपऱ्यात अठरा भरतील तो टिकला. बाकीच्यांनी दुसरीकडे जायचं नाहीतर घरी. एका कोपऱ्यातल्या माणसाला मधल्या वेळात दुसऱ्या कोपऱ्यात जायला मोकळीक होती.

थियाच्या कोपऱ्यात आम्ही पंधरा. आर्डिथ, मी, ओटो, शाळेतल्या दोन शिक्षिका... आणि डेल्मर, कोट न काढता भिंतीला टेकून. तीन माणसं कमी. आर्डिथ प्रत्येकाच्या दंडाला धरून विनवत होती, पण कुणी हलेना. शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा गॅरिकच्या गच्च भरलेल्या कोपऱ्यातून तिघं निघाले आणि आमच्याकडे आले. पुढं नॉरिस होता.

"अठरा!" आर्डिथ किंचाळली. ओटोनं टोपी हवेत उडवली.

नॉरिस डेल्मरच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "घे मित्रा. मदतीला आलोय."

डेल्मरनं त्या हाताकडे पाहिलं. मग बोटानं आम्हाला एकेक करून मोजलं, अठरापर्यंत, रिंगणातली वासरं मोजायचा तसं. आणि कुणाला काही कळायच्या आत तो कोपऱ्यातून बाहेर पडला, मधलं बास्केटबॉलचं मैदान ओलांडून गेला आणि पलीकडे प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर जाऊन बसला.

सतरा.

क्षणभर कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग आर्डिथ ओरडली, "डेल्मर! परत ये! डेल्मर, अरे, मोजतायत!" सगळी व्यायामशाळा वळून पाहू लागली. नॉरिसचा हात खांदा होता तिथंच अधांतरी राहिला होता. मी धावत पायऱ्यांपाशी गेले. "वेडा झालास का? ऊठ!" तो जागचा हलला नाही. घंटा झाली आणि आमचा कोपरा मोडला.

ओटोसह नऊजण डिल्वर्थकडे गेले. शिक्षिका रडत घरी गेल्या. आमच्या गावात गॅरिक हरला, राज्यात थोडक्यात जिंकला. थिया पाचवी आली आणि दोन दिवसांनी तिनं माघार घेतली.

मी डेल्मरला सोडलं नाही. गुरुवारी लिलावाआधीच त्याच्यावर तुटून पडले. "दोनशे दारं ठोठावली मी त्या बाईसाठी. तिथं आम्ही चौदाजण खरे होतो. तू नॉरिसला मारायला गेलास आणि आम्हाला मारलंस."

"माहीत आहे."

"मग आधीच जायचंस ना! आलास कशाला?"

"पंधराच राहिलो असतो तर हरेपर्यंत उभा राहिलो असतो," तो म्हणाला. "माझं मत तिलाच होतं, लव्हॉन. पण ते अठरा मला पुकारता येईनात."

मला ते पटलं नाही, आणि मी त्याला तसं सांगितलं. नॉरिसनं आपली गुरं दुसऱ्या गावच्या लिलावघरात न्यायला सुरुवात केली. आमचा पाचवा हिस्सा धंदा गेला. 

आर्डिथ त्याच्याशी अकरा दिवस बोलली नाही. बाराव्या दिवशी जेवताना म्हणाली, "मीठ दे." त्यानं दिलं. मग ती म्हणाली, "तू चूक केलीस."

"असेल," डेल्मर म्हणाला.