आदल्या दिवशी न घेतलेला पाठ

नगरच्या एका अध्यापक महाविद्यालयात नीलांबरी गंधे यांनी इंग्रजीचे आणि फ्रेंचचे भावी शिक्षक घडवले. ‘घडवले’ हा शब्द महाविद्यालयाच्या माहितीपत्रकातला. प्रत्यक्षात घडे ते निराळेच. अंतिम पाठाला बाहेरून परीक्षक येत, म्हणून छात्रशिक्षक आदल्या दिवशीच शाळेत जाऊन तोच पाठ त्याच वर्गाला शिकवून येत. कोणत्या प्रश्नाला कोणी हात वर करायचा, हेही ठरलेले असे. दुसऱ्या दिवशी वर्ग पोपटासारखा बोले, परीक्षक प्रसन्न होत आणि निकाल उजळून निघे. हे सर्वांना ठाऊक होते, परीक्षकांनाही.

गंधेबाईंच्या विद्यार्थ्यांना ही मुभा नव्हती. ते चार गुण कमी घेऊन बाहेर पडत, आणि बाईंना त्याचाच अभिमान वाटे.

त्या वर्षी फ्रेंचला एकटी स्नेहल होती; नगर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्याच्या डोंगराकडची, भातशेती करणाऱ्या घरातली. प्रथम श्रेणी मिळाली, तर संगमनेरच्या एका शाळेत तिची नेमणूक ठरल्यात जमा होती.

“बाई, एकदाच जाऊन येऊ का? सगळेच जातात हो,” तिने फ्रेंचमध्ये विचारले.

“सगळे नाटक करतात. तू शिकव.”

स्नेहल गेली नाही.

नववीच्या वर्गात तिने बाजाराचे चित्र लावले आणि फ्रेंचमध्ये सोपा प्रश्न विचारला. एकही हात वर झाला नाही. तिने पुन्हा विचारले. शेवटी पहिल्या बाकावरच्या मुलीलाच तिची दया आली.

“टीचर, तुम्ही काल आलाच नाहीत. कोणी काय बोलायचं, आम्हाला कुठे माहितीये?”

वर्ग हसला. मागच्या बाकावरचे परीक्षकही हसले. स्नेहलने उरलेला पाठ फळ्याकडे तोंड करून संपवला.

श्रेणी गेली, नेमणूकही गेली. बाई परीक्षकांशी भांडल्या, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, तत्त्वं तुमची होती. गुण तिचे गेले.”

दिवाळीच्या सुट्टीत बाई एसटीने अकोल्याला गेल्या, तिथून जीपने स्नेहलच्या गावी. अंगणात तिची आई गोजरबाई भात पाखडत होती.

“आता व्हय आलात? पोरगी दोन दिस जेवली न्हाई. समद्यांच्या पोरी लबाडी करून पास, आन खरेपना काय तो माझ्याच पोरीनं करायचा?”

वाटभर मनात घोळवलेले क्षमेचे वाक्य बाईंना आठवेना.

तेवढ्यात स्नेहल बाहेर आली. महाविद्यालयात बाईंचे आणि तिचे बोलणे फ्रेंचमध्येच चाले. बाईंचा तसा आग्रहच असे. सवयीने बाईंनी फ्रेंचमध्ये तिची खुशाली विचारली.

स्नेहलने ऐकले. पदराला हात पुसणाऱ्या आईकडे एकवार पाहिले.

“बसा बाई,” ती मराठीत म्हणाली, “चहा टाकते.”