मावशीला जमलं की झालं

तिला सगळे कात्री म्हणत. ती शिवणकाम करत नव्हती, वेबसाइट बनवायची. पण बनवायची म्हणजे मुख्यतः कापायची. गिऱ्हाईक म्हणे, इथे गरगर फिरणारं चक्र टाका, तिथे मालकांचा कोटातला फोटो टाका, खाली पळती ओळ टाका. ही मान डोलवून ऐकून घ्यायची आणि घरी येऊन सगळं उडवायची. आधीच्या कंपनीतल्या साहेबांनी एकदा भर मीटिंगमध्ये विचारलं होतं, की असली कोरी पानंच द्यायची तर लोकांनी आपल्याकडे झक मारायला यायचं का. त्यावर कात्रीने जे उत्तर दिलं ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. तेव्हापासून ती घरूनच काम करू लागली.

घरात ती आणि मावशी, दोघीच. आई गेल्यावर मावशीनेच तिला वाढवलं होतं. टपालखात्यातून निवृत्त झालेली मावशी आता आणखी एका नोकरीत अडकली होती आणि तिथून निवृत्ती नव्हती. नवं पान तयार झालं की कात्री फोन तिच्या हातात द्यायची, समोर बसायची आणि स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरायची. हात मोकळे राहिले की बोट दाखवायला धावतात, म्हणून. तोंडानेही मदत करायची नाही आणि मावशीनेही बोलायचं नाही, नुसतं वापरायचं. मावशीची भुवई जिथे वर जाई, तिथे काहीतरी फालतू आहे असं समजून कात्री ते छाटून टाकायची. मावशीला जमलं की झालं, मग ते जगाला जमणार.

"म्हणजे जगात सगळ्यात मठ्ठ मी, असंच ना गं?" मावशी वाटाणे सोलता सोलता विचारायची.

"सगळ्यात प्रामाणिक."

"शब्द बरा हुडकलास."

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना रक्त तपासणाऱ्या एका लॅबचं काम आलं. स्वतंत्र झाल्यावरचं हे पहिलं मोठं काम. लॅबची जुनी वेबसाइट म्हणजे नाकापेक्षा मोती जड. उघडल्या उघडल्या त्यात सूक्ष्मदर्शक नाचायचं आणि रिपोर्ट शोधेपर्यंत माणसाला नवा आजार व्हायचा. लोक कंटाळून सरळ काउंटरवर यायचे आणि तिथल्या ताई दिवसभर शिव्या खायच्या. कात्रीने काम घेतलं तेव्हा लॅबच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, की एक दिवस नवी वेबसाइट लावून बघू. काउंटरवरची गर्दी हटली तर ठेवू, नाही हटली तर नाचणारी परत आणू, ती निदान दिसायला तरी बरी आहे. तसं झालं असतं तर जुन्या साहेबांपर्यंत बातमी पोचायला वेळ लागला नसता. त्या धंद्यात सगळे एकमेकांना पाण्यात पाहणारे.

पान झालं. मावशीने फोन घेतला, अंगठा फिरवला, नंबर टाकला, रिपोर्ट उघडला. भुवई जागची हलली नाही. कात्री निर्धास्त झोपली.

सकाळी ताईंनी दारावर नव्या वेबसाइटचा क्यूआर कोड चिकटवला आणि कात्री रुग्णांच्या बाकावर कोपऱ्यात, सवयीप्रमाणे हातांवर बसली. पहिले आले एक म्हातारे ड्रायव्हरकाका. त्यांनी फोन कोडसमोर धरला, पान उघडलं, कौतुकाने बघितलं आणि फोन खिशात टाकून ते काउंटरवर गेले.

"पाटी झकास केलीय हो," ते ताईंना म्हणाले. "आता रिपोर्ट द्या."

कात्रीला वाटलं, काका विसरभोळे असतील. मग एक शिक्षिका आली, तिनेही बघितलं, मान हलवली आणि काउंटर गाठला. मग एक जोडपं. बघता बघता रांग दरवाज्याबाहेर गेली. ताईंनी कात्रीकडे असं पाहिलं, की तिला बाकाखाली शिरावंसं वाटलं. तिने बाहेर जाऊन घरी फोन लावला.

"मावशी, लॅबचं पान उघडल्यावर तू आधी काय केलंस?"

"काय करणार? वर सरकवलं. तुझं कामाचं सगळं खालीच असतं, एवढंही मला कळत नाही का?"

"मग कधी बोलली का नाहीस?"

"बोलू नको, नुसतं वापर, हे कोण म्हणालं होतं?"

कात्रीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कापता कापता तिने पहिला पडदा इतका स्वच्छ केला होता, की त्यावर लॅबचं ठसठशीत नाव आणि खाली शांत निळा रंग, बास. नंबर टाकायची चौकट त्याच्याही खाली. आणखी काही खाली आहे याची खूण कुठेच नाही. मावशीचा अंगठा वर्षानुवर्षांच्या सरावाने आपोआप सरकत होता. कात्री जगासाठी पानं बनवतेय असं समजत होती आणि बनवत होती एकट्या मावशीसाठी.

बाकावरच लॅपटॉप उघडून तिने नाव बारीक केलं, चौकट वर ओढली आणि आत लिहिलं, 'तुमचा मोबाइल नंबर इथे टाका.' तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. रांगेकडे बघून ते मवाळपणे म्हणाले, की जुनीच लावू या का आता? कात्रीने एका माणसापुरता वेळ मागितला. माणूस मात्र असा हवा, ज्याने पान अजून पाहिलेलं नाही.

आतून एक बाई कोपरात कापूस दाबत बाहेर आली. तिला वडिलांचा रिपोर्ट हवा होता. ताईंनी दाराकडे बोट केलं. बाईने दुसऱ्या हातातला फोन कोडसमोर धरला. अंगठा घुटमळला. मग अंगठा चौकटीवर टेकला, नंबर गेला, रिपोर्ट आला. बाई तो वाचत वाचतच बाहेर पडली. काउंटरकडे तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

कात्रीच्या जिवात जीव आला. एवढी मोठी शाबासकी तिला आजवर कुणी दिली नव्हती. दुपारी ताई रिकाम्या काउंटरमागे मासिक चाळत होत्या आणि डॉक्टर नाचणाऱ्या सूक्ष्मदर्शकाचं नाव काढत नव्हते.

घरी आल्यावर तिने चाचरतच सांगितलं, की मावशी, तू आता या कामाची राहिली नाहीस. फार सरावलीस.

मावशीने हातातलं काम खाली ठेवलं. कात्रीला वाटलं, आता रागावणार.

"सुटले बाई," मावशी म्हणाली. "किती कंटाळले होते म्हणून सांगू. तुझं मन मोडेल म्हणून बसत होते नुसती."

दोघी एकमेकींकडे बघून हसत सुटल्या. हसू ओसरल्यावर मावशीनेच काळजीने विचारलं, की मग आता माझ्या जागी कोण?

"दर वेळी नवा माणूस लागणार."

"मग खालच्या वहिनींपासून सुरुवात कर. त्यांना स्वतःच्या दाराची कडी सापडत नाही."

दुसऱ्या दिवशी कात्रीने खालची बेल वाजवली. दार उघडायला खरंच बराच वेळ लागला.