एका कुंडीत एक फूल

इंदिरा नगरात आमच्या शेजारी राहणारे साहेब वेळेआधी निवृत्त झाले आणि प्रदर्शनासाठी शेवंती वाढवू लागले. एका रोपावर एकच कळी ठेवायची, बाकीच्या खुडायच्या. खुडा की! पण ऑक्टोबरात मी भाजी आणायला गेलो, तेवढ्यात यांनी माझ्याही कुंडीतल्या कळ्या खुडल्या. वर माझाच खांदा थोपटत म्हणतात, "भाई साहब, ताकत बँट जाती है!"

देवउठनी, म्हणजे आपल्या कार्तिकी एकादशीला सकाळीच फाटकात हजर. "पूजा के लिए दो फूल दीजिए. मेरे तो प्रदर्शनी के हैं."

 मी संतापाने कुंडीकडे बोट दाखवलं.

"अरे वाह! देखा, कितना बड़ा हुआ!" म्हणाले, आणि ते एकुलतं एक फूल तोडून घेऊन गेले.