रग्बीची पार्श्वभूमी

कसबा बावड्यातली आमच्या गल्लीतली एक मुलगी भारताच्या महिला रग्बी संघात निवडली गेली, आणि रग्बी नावाचा खेळ असतो हे गल्लीला त्या दिवशी कळलं. तोवर ती रोज सकाळी पोत्याला धडका मारते म्हणून शेजारणी तिच्या आईला चांगले डॉक्टर सुचवत होत्या.

गल्लीतल्या मंडळानं तिचा सत्कार ठरवला. मी शाळेत इतिहास शिकवतो, म्हणून ती ज्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला जाणार होती तिची पार्श्वभूमी लिहायचं काम माझ्याकडे आलं. मोबाइलवर वाचून मी दोन पानं लिहिली: खेळ इंग्लंडातल्या शाळांत वाढला, चेंडू हातात घेऊन पळायचं, पास मात्र मागेच द्यायचा. मंडळाचे अध्यक्ष तिथंच अडले.

"पुढं द्यायचा न्हाय? मग पुढं जायचं कसं?"

"स्वतः घेऊन पळायचं."

"म्हणजे कष्टच की," ते नाराजीनं म्हणाले.

सत्काराच्या दिवशी मंडळाच्या मैदानावर त्यांनी माझी पानं खिशात ठेवली आणि मंडळाची पार्श्वभूमी सांगितली. ती तासभर चालली. शेवटी मुलीला दोन मिनिटं मिळाली. शाल सावरत ती म्हणाली, "फुटबॉलची पोरं खेळत्यात म्हणून ह्याच मैदानावरनं मला हाकललं होतं. ऊस तुटलेल्या आमच्या रानात सराव केला. आता तरी मैदान द्या."

"दिलं," अध्यक्ष म्हणाले. टाळ्या पडल्या. चारच दिवसांत मैदानावर त्यांच्या पुतण्याच्या लग्नाचा मांडव उभा राहिला.

मला माझीच लाज वाटली. इंग्लंडातल्या शाळा धुंडाळल्या, पण शेजारच्या मुलीला एक प्रश्न विचारला नव्हता. सकाळी रानात गेलो आणि "काही मदत करू का?" असं विचारून बसलो. तिनं उसाचं पाचट भरलेलं पोतं माझ्या हातात दिलं. "घट्ट धरा, सर." ती धावत आली. मी, पोतं आणि चष्मा तीन दिशांना गेलो.

ती जाईपर्यंत मी रोज पोतं धरलं. स्पर्धेत आपला संघ एक सामना जिंकला, बाकीचे हरला. एकदा समोरच्या संघातल्या दोघीजणी कमरेला लोंबकळत असताना ती चेंडूसकट रेषेपलीकडे पडली आणि आपल्याला गुण मिळाले. ते मोबाइलवर बघताना माझे डोळे भरून आले.

ती परतली तेव्हा चौकात स्वागताचा फलक होता. त्यावर अध्यक्ष मोठे, ती लहान आणि चेंडू फुटबॉलचा. तिनं वर पाहिलंही नाही. दुसऱ्या सकाळी रानात चार नव्या मुली अनवाणी उभ्या होत्या. तिनं त्यांना आधी पडायला शिकवलं.